लुगड्याचा पदर कापण्याआधी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

लग्नसराई आली की ‘आजीची शंभर वर्षांची पैठणी’ अशा ओळीखाली फोटो दिसू लागतात आणि महिन्याभरात त्याच साडीचा लेहेंगा होतो, नाहीतर पदर काचेच्या चौकटीत जातो. ज्याची वस्तू, त्याची मर्जी. मात्र कात्री लावण्याआधी तासभर त्या कापडाला द्यावा, एवढ्यासाठी हे पत्र. वस्त्रपरंपरेवर प्रकल्प करणारे विद्यार्थीही बहुधा पदराचा फोटो आणि नक्षीची नावं यांवरच थांबतात, म्हणून ते त्यांच्यासाठीही आहे.

आधी ‘शंभर वर्षां’चा हिशेब. आजी आज ऐंशीच्या असतील आणि साडी त्यांच्या लग्नातली असेल, तर ती १९६५च्या आसपासची. कमी जुनी म्हणून ती कमी मोलाची होत नाही. पण तारीख चुकली की पुढचं सगळं चुकतं. गिरणीच्या लुगड्याच्या टोकाला कधीकधी शाईचा छाप उरलेला असतो. त्यावर लांबी मीटरमध्ये असेल तर कापड बहुधा १९५८ ते १९६२ या काळातलं किंवा त्यानंतरचं, कारण दशमान मापं आपल्याकडे तेव्हा टप्प्याटप्प्याने लागू झाली. वार लिहिलेला असेल तर ते त्याआधीचं असण्याची शक्यता जास्त. फॉल-बिडिंगला देताना हेच टोक सर्रास कापलं जातं.

मोजमाप असं घ्यावं. जमिनीवर स्वच्छ चादर अंथरून साडी न ताणता पूर्ण उलगडावी. लांबी काठालगत मोजावी, पन्ना म्हणजे कापडाची रुंदी तीन ठिकाणी, दोन्ही काठांची रुंदी वेगवेगळी. एका इंचात उभे-आडवे धागे किती, म्हणजे मागवाले ज्याला रीड-पीक म्हणतात, ते भिंगाखाली तीन जागी मोजून सरासरी काढावी. नऊ वार म्हणजे ८.२३ मीटर, जुन्या बायका अठरा हाती म्हणायच्या ते हेच, दोन हातांचा एक वार. साडी साडेपाच मीटरच भरली तर ती मुळातली सहावारी की नऊवारीतून काढलेली, हे टोकं सांगतात. मागावरून उतरलेल्या टोकाला दशा, म्हणजे उभ्या धाग्यांची सुटी टोकं असतात किंवा त्यांची खूण; कापलेलं टोक दुमडून शिवलेलं असतं. खालच्या काठाला सुईच्या भोकांची ओळ दिसली की कधीतरी फॉल लागला होता. नऊवारीतून काढली असेल तर उरलेल्या पावणेतीन मीटरचं घरातल्या मुलीचं परकर-पोलकं झालं असेल. घरात विचारून पाहावं.

मग साडी उलटी करावी. हातमागाच्या पैठणीत नक्षीच्या प्रत्येक रंगाचा आडवा धागा आपल्यापुरतंच विणून मागे फिरतो आणि शेजारच्या रंगात अडकतो. म्हणून मोर असो की असावलीचा वेल, मागून-पुढून जवळजवळ सारखाच दिसतो. मागे सुटे धागे एका बुट्टीपासून दुसऱ्या बुट्टीपर्यंत तरंगत असतील, किंवा कापून त्यांची कुसं राहिली असतील, तर नक्षी बहुधा जेकार्डवर, म्हणजे मागाला जोडलेल्या नक्षीच्या यंत्रावर उठवलेली आहे. आणि सगळी जुनी पैठणी रेशमीच असते असंही नाही. सुती अंगाच्याही पैठण्या आहेत. त्यांना ‘नकली’ ठरवून बाजूला टाकलेलं पाहिलं की वाईट वाटतं.

इरकलीकडे आपण साधं नेसूचं लुगडं म्हणून पाहतो, खरं तर तिचा जोड पाहण्यासारखा आहे. बागलकोट जिल्ह्यातल्या इलकलची ही वीण. अंगाचा ताणा, म्हणजे उभे धागे, पारंपरिक साडीत सुती आणि पदराचा रेशमी. विणायला घेण्याआधीच दोन्ही ताण्यांचे धागे फासे करून एकमेकांत अडकवतात. या जोडाला तोपतेनी म्हणतात. त्यामुळे एका साडीचा ताणा एका साडीपुरताच भरावा लागतो, मिलसारखा शेकडो वार एकदम नाही. पदर सुरू होतो तिथे भिंग धरा: उभा धागाच बदलतो, आणि फासे एका सरळ रेषेत दिसतात. यंत्रमागाच्या नकलेत उभा धागा इकडून तिकडे एकच, फक्त आडव्याचा रंग बदललेला. तेव्हा ‘पदर छान आहे, अंग विरलंय’ म्हणून जोडाच्या अलीकडे कापलेली इरकल म्हणजे तिची ओळखच कापलेली. घडी घालतानाही ती नेमकी या जोडावर येऊ देऊ नये.

जरीबद्दल एक समज उलटा आहे. काळी पडली म्हणून ती खोटी ठरत नाही. खऱ्या जरीत रेशमी धाग्यावर चांदीची चपटी तार गुंडाळून वर सोन्याचं पाणी दिलेलं असतं, आणि चांदी काळवंडतेच. प्लॅस्टिकची जर तेवढी वर्षानुवर्षं चकाकत राहते. या चांदीसाठीच जुन्या भरजरी साड्या वजनावर विकल्या गेल्या आणि जरीचे धागे जाळून धातू काढला गेला. दुसऱ्या टोकाची रोजची सुती लुगडी विटून-विरून वाकळीत गेली. हाती उरलेला ऐवज मधलाच आहे, हे लक्षात ठेवूनच त्यावरून निष्कर्ष काढावेत. वाकळ मात्र उसवू नये. फाटलेल्या कडेतून आतले थर दिसतात, आणि ऊन न लागल्याने तिथले रंग वरच्यापेक्षा खरे असतात.

रंगावरून काळ सांगताना सावध राहावं. पहिला कृत्रिम जांभळा १८५६मध्ये तयार झाला, कृत्रिम नीळ १८९७मध्ये बाजारात आली. यावरून ‘याच्या आधीचं नाही’ एवढंच सांगता येतं, नेमकं वर्ष नाही. करडईच्या फुलांचा कुसुंबी रंग ऊन-साबणाला टिकत नाही. आज फिकट, पिवळसर दिसणारं कापड एकेकाळी भडक गुलाबी असू शकतं. शिवणीच्या दुमडीत पाहावं, खरा रंग तिथे लपलेला असतो. हिराकस-हिरड्याचा काळा रंग याच्या उलट: तो टिकतो, पण त्यातलं लोखंड धागाच कुजवतं. नक्षीतला तेवढा काळा भाग गळून बाकी कापड धडधाकट राहिलेलं दिसलं, तर तो दोष सहसा कसरीचा नसतो.

अर्थ लावणं सगळ्यात अवघड, आणि तिथेच सगळ्यात घाई होते. ‘लाल म्हणजे सौभाग्य’ असं प्रदर्शनाच्या पाटीवर लिहून मोकळं होता येत नाही. ब्राह्मण घरांत केशवपन केलेल्या विधवेचं अलवण, म्हणजे तिचं लुगडंही लालच होतं. तेव्हा नुसत्या रंगाला अर्थ नाही. काठ आहे की नाही, पोत जाडाभरडा की तलम, कोणी आणि कधी नेसलं, यांनी तो ठरतो. काळा मंगलकार्यात वर्ज्य, तरी संक्रांतीला नव्या सुनेच्या अंगावर काळी चंद्रकळा हवीच. म्हणून घरातल्या वयस्कर बाईला विचारावं आणि तिचा शब्द जसाच्या तसा लिहावा. तिने डाळिंबी म्हटलं तर वहीत ‘मरून’ लिहू नये, राघू हिरवा म्हटलं तर नुसतं ‘हिरवा’ नको. कोणत्या गावाहून आली, कोणी घेतली, घडी कोणत्या दिवशी मोडली, एवढे तीन प्रश्न पुरतात. हळदीचा डाग, डोक्यावरून घेतलेल्या पदराचा तेलकट पट्टा, काष्ट्याच्या जागी विरलेलं कापड हाही पुरावाच आहे. नोंदीआधी धुणं-इस्त्री नको.

फोटो सावलीतल्या उजेडात, फ्लॅशशिवाय, शेजारी पट्टी आणि पांढरा कागद ठेवून काढावेत: पूर्ण साडी, सुलट, उलट, दोन्ही टोकं, दोन्ही काठ, पदराचा जोड. धागा ओळखायचा तर दशेतला एकच तंतू चिमट्यात धरून जाळावा. सुती कागदासारखा जळतो, रेशमाला केस जळल्याचा वास येतो, पॉलिएस्टर वितळून कडक मणी होतो.

ठेवताना प्लॅस्टिकची पिशवी नको, आत दमट हवा कोंडते. खळ राहिलेली असेल तर कसर येते. रोजचं पक्क्या रंगाचं सुती लुगडं नोंदीनंतर नुसत्या पाण्यातून काढून वाळवता येतं, जरीच्या आणि कच्च्या रंगाच्या साडीवर तो प्रयोग करू नये. दोन-तीनदा धुतलेल्या कोऱ्या मांजरपाटात गुंडाळावी, डांबराच्या गोळ्या जरीला लागू देऊ नयेत, दर तीन महिन्यांनी घड्या बदलाव्यात. विरलेली साडी घडी न घालता मांजरपाट गुंडाळलेल्या जाड नळीवर गुंडाळावी. जरीची साडी असेल तर जरीची बाजू बाहेर यावी. आत राहिली तर चुरगळते.

आपल्या पुरवणीत अशा साड्यांचे फोटो येतात. त्यांच्या ओळीत लांबी, पन्ना आणि ती कोणत्या गावाहून आली, एवढं तरी छापावं, आणि जागा असेल तेव्हा उलट्या बाजूचाही फोटो द्यावा, ही विनंती.

आपले,
जुन्या वस्त्रांच्या नोंदी करणारे काही वाचक
पुणे व सोलापूर