बाजाराच्या दिवशीचं पत्र

म्हापसा,
शुक्रवार, रात्री साडेअकरा

प्रिय विनू,

फोन केला असता, पण तुझ्या घरी तो कायम स्पीकरवर असतो. म्हणून पत्र.

आज बाजाराचा वार, दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. त्यातले तिघे पुर्तुगालच्या नागरिकत्वाच्या कागदांसाठी आलेले. आजा १९ डिसेंबर १९६१ च्या आधी गोव्यात जन्मला, एवढ्या पुण्याईवर नातू लिस्बनात नाव घालणार! तुझी फाईलही मीच टाईप केलेली, आठवतं? तुमच्या आडनावाची चार दाखल्यांवर चार स्पेलिंगं. तरी झालं एकदाचं, आणि तू इंग्लंडात स्विंडनला पोचलास.

संध्याकाळी शटर अर्धं ओढलं, तेव्हा एक पोरगा वाकून आत आला. युगांडाचा. नाव लिहीत नाही. शिकायला आलेला, कोर्स संपला, व्हिसा संपत आलाय आणि घरी जायची सोय नाही. २०२३ च्या मे महिन्यात तिकडे कायदा झाला. पुरुषाने पुरुषाशी संबंध ठेवला तर जन्मठेप, काही प्रकारांत फाशीसुद्धा. याने दिल्लीला संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित कचेरीत अर्ज केलाय. मुलाखतीआधी आपली हकीकत नीट टाईप करून हवी होती. आपल्या देशाने १९५१ च्या निर्वासित करारावर सहीच केलेली नाही, त्यामुळे तिथलं कार्ड मिळालं तरी उघडपणे नोकरी करता येत नाही. दुसऱ्या कुठल्या देशाने घेईपर्यंत वाट बघायची. हे सगळं त्यानेच मला समजावलं, मी काय, प्रतिज्ञापत्रं बडवणारा माणूस.

‘मी, खाली सही करणार’ इथपर्यंत माझं बरं चाललं. पुढे गाडी अडली. शाळेत कुणीतरी होता, चर्चमध्ये कीबोर्ड वाजवायचा. फोटो? नाही. मेसेज? रोज झोपण्याआधी दोघेही पुसायचे. सात वर्षं काही मागे राहू नये म्हणून जपलं आणि आता नेमकं तेच मागतात, म्हणाला आणि हसला. युरोपच्या न्यायालयाने २०१४ मध्ये सांगितलंय म्हणे, असल्या अर्जदारांकडून खासगी क्षणांचे व्हिडिओ पुरावा म्हणून घ्यायचे नाहीत. चांगलं केलं. पण मग उरतं ते तोंडाने सांगणं, आणि ज्याने जन्मभर तोंड मिटून काढलं त्याला ते कसं जमावं?

बराच वेळ गप्प बसून मग म्हणाला, तिकडे गाड्यावर चपातीत ऑम्लेट गुंडाळून देतात, रोलेक्स म्हणतात त्याला. एकच घ्यायचो. तो मधून तोडायचा आणि मोठा तुकडा मला द्यायचा. हे लिहायचं का?

मी म्हटलं, लिहायचं.

रस-ऑम्लेटची प्लेटही एकच असायची रे, कोर्टामागच्या गाड्यावर. शेवटचा पाव तू मला ढकलायचास.

तुझ्या इंग्लंडच्या सुप्रीम कोर्टाने २०१० मध्ये म्हटलंय की ‘घरी जा आणि गुपचूप राहा’ असं सांगून अशा माणसाला परत पाठवता येणार नाही. त्याने मोबाईलवर दाखवलं, मी तीनदा वाचलं. आपल्याला गुपचूप राहा असं कुणी सांगावंही लागलं नव्हतं. सब-रजिस्ट्रारकडे तुझ्या लग्नाच्या नोंदणीच्या दुसऱ्या सहीला साक्षीदार म्हणून मीच उभा होतो, इस्त्रीचा शर्ट घालून. २०१८ साली कलम ३७७ चा निकाल आला, असे संबंध गुन्हा नाहीत म्हणून, तो चवथीच्या आठवडाभर आधी, मी गणपतीवरच्या माटोळीचं सामान बांधत होतो. तुला लिहिलं, ‘पेपर वाचलास?’ तू अंगठा पाठवलास. राग नाही. मी तरी दुसरं काय पाठवलं असतं?

पाच पानं झाली. पैसे घेत नव्हतो, पण ऐकेना. नेहमीच्या दराने दिले, वर पावतीही मागितली. कागद जपून ठेवायची सवय लागलीय म्हणाला. मुलाखत पुढच्या महिन्यात, दिल्लीला गाडीने जाणार.

पाऊस अजून नीट लागला नाही. आईचे गुडघे तसेच. सुक्या सुंगटांचं पाकीट कुणी येणारं असेल तर धाडतो, वहिनीला किसमूर आवडते ना.

वाचून झाल्यावर हे फाडून टाक असं लिहिणार होतो. नको, ठेव.

तुझा,
बाबलो