बाळंतिणीच्या रक्तदाबाविषयी मिसिसिपीच्या गव्हर्नरांना खुले पत्र

मा. गव्हर्नर महोदय,
सविनय नमस्कार.

मी मूळची सोलापूरची, जॅक्सनमध्ये परिचारिका आहे. इंग्रजी प्रत आपल्या कार्यालयाकडे पाठवली आहे. इथल्या आरोग्यसेवेत काम करणाऱ्या मराठी मंडळींनीही वाचावे म्हणून हे मराठीत लिहीत आहे.

अमेरिकेतील निम्म्याहून अधिक प्रौढ कृष्णवर्णीय स्त्रियांना हृदयाचा किंवा रक्तवाहिन्यांचा कोणता ना कोणता विकार आहे, आणि त्यात उच्च रक्तदाबाचा वाटा मोठा आहे. आपल्याच राजधानीत 2000 साली सुरू झालेल्या ‘जॅक्सन हार्ट स्टडी’त 5,300 हून अधिक कृष्णवर्णीय स्त्रीपुरुष सहभागी झाले, तेव्हा माहितीची वानवा नाही.

राज्याच्या डेल्टा भागातील कॅटफिश माशांच्या कारखान्यात काम करणारी 24 वर्षांची एक तरुणी बाळंतपणानंतर आठव्या दिवशी डोके ठणकते म्हणून आमच्याकडे आली. रक्तदाब मोजण्याच्या यंत्राचा नेहमीचा पट्टा तिच्या दंडाला अपुरा पडत होता, आणि अपुऱ्या पट्ट्याने आकडा फुगतो, म्हणून मोठा पट्टा आणून पुन्हा मोजले, तरीही रक्तदाब 168/110, म्हणजे फारच जास्त. सुजलेल्या पायांवर चपलेच्या पट्ट्यांचे वळ उठले होते. “बाळंतपणात असं होतंच ना?” असे तिने विचारले, तेव्हा मला माझे माहेर आठवले, कारण तिथेही बाळंतिणीची अशीच समजूत घातली जाते.

प्रीएक्लॅम्प्सिया, म्हणजे गरोदरपणात किंवा बाळंतपणानंतर रक्तदाब धोकादायक वाढण्याचा विकार, झालेल्या स्त्रीला पुढे हृदयविकाराचा धोका सुमारे दुप्पट असतो, आणि कृष्णवर्णीय स्त्रियांमध्ये हा विकार अधिक आढळतो. याचे कारण त्यांच्या रक्तात शोधू नये. तुटपुंजा पगार, लांबचा दवाखाना, वर्षानुवर्षांचा ताण आणि तक्रार सांगूनही कोणी मनावर न घेणे, हे सारे मी रोज पाहते.

2023 मध्ये राज्याने प्रसूतीनंतरचे मेडिकेड (कमी उत्पन्नाच्या लोकांसाठीचा सरकारी आरोग्य विमा) 12 महिन्यांपर्यंत वाढवले, याबद्दल मी मनापासून आभारी आहे. मात्र बाळाच्या पहिल्या वाढदिवसाला अनेकींचे विमासंरक्षण संपते आणि रक्तदाबाच्या गोळ्याही सुटतात. मेडिकेडचा विस्तार करून कमी उत्पन्नाच्या अधिक प्रौढांना त्यात सामावून घेतल्यास त्या खर्चाचा 90 टक्के भार फेडरल सरकार उचलते, म्हणून तो निर्णय आपण घ्यावा. तोवर निदान रक्तदाब वाढलेल्या प्रत्येक बाळंतिणीला घरी जाताना योग्य मापाच्या पट्ट्याचे बीपी यंत्र द्यावे आणि दहा दिवसांच्या आत तिची तपासणी बंधनकारक करावी.

त्या तरुणीचे बाळ पुढच्या महिन्यात वर्षाचे होईल. तिच्याकडे तीन आठवड्यांच्या गोळ्या उरल्या आहेत.

आपली नम्र,
एक परिचारिका, जॅक्सन