एमसीबी वाढवू नका, वायर बघा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

उन्हाळा आला की घरोघरी एसी बसतात, म्हणून आमच्याकडे मागच्या मे महिन्यात काय झालं ते कळवतोय. कोथरूडचा आमचा फ्लॅट तसा जुना, वायरिंग मूळचंच. बेडरूमच्या पॉइंटवर दीड टनाचा एसी लावला आणि बाथरूमचा तीन हजार वॅटचा गिझर पण त्याच लाइनवर निघाला, हे आम्हाला माहीतच नव्हतं. सकाळी एसी चालू असताना गिझर लावला की थोड्या वेळानं 16 अँपिअरचा एमसीबी, म्हणजे करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच, पडायचा. वायरमन आला, पाच मिनिटांत 32 चा एमसीबी टाकून गेला आणि आम्ही खूश, पडायचं बंद झालं ना!

आठवड्याभरात जळक्या प्लॅस्टिकचा वास यायला लागला. बोर्ड उघडला तर सॉकेटच्या मागची लाल वायर तपकिरी पडलेली, इन्सुलेशन बोटानं दाबलं की बिस्किटासारखं तुटत होतं. वायर होती दीडची, म्हणजे दीड चौरस मिलिमीटर, लाइट-पंख्याची. गिझर एकटा 13 अँपिअर घेतो, त्यात एसीचे सात-आठ, आणि करंट दुप्पट झाला की वायरमधली उष्णता चौपट होते. एमसीबी असतो तो वायरला वाचवायला, तोच मोठा केला तर भिंतीच्या आत वायर तापत राहते आणि बाहेर काही कळत नाही. पोरं त्याच खोलीत झोपायची हो, आठवलं की अजून धस्स होतं.

नंतर दुसऱ्या, परवानाधारक वायरमनकडून एसी आणि गिझरला डीबीपासून (सगळे एमसीबी असतात त्या बोर्डापासून) वेगवेगळी चारची तांब्याची वायर ओढून घेतली, दोन्हींना 20 चे एमसीबी. साध्या 16 अँपिअरच्या सॉकेटला अडीचची चालते, लाइट-पंख्याला दीडची आणि त्यावर 6 किंवा 10 चाच एमसीबी. तापकीर गल्लीतल्या इलेक्ट्रिकच्या दुकानात वायरचं बंडल घेताना आयएसआय मार्क आणि वायरवर छापलेला साइज स्वतः वाचून घ्या, वायरमन आणेल ते आणेल असं करू नका, कारण एकदा पाइपात गेल्यावर कोण बघतंय.

बिल्डर लोकांनी पझेशन देताना कुठल्या एमसीबीवर कुठली वायर आणि कुठले पॉइंट आहेत एवढा कागद डीबीच्या झाकणाला आतून चिकटवून द्यावा, ही माझी मागणी आपण छापावी. जुन्या सोसायट्यांनी तरी एसीचं ड्रिल भिंतीला लागायच्या आधी वायर तपासून घ्यावी.

आपला,
एक वाचक, कोथरूड, पुणे