चर्चचा हॉल शेजाऱ्यांना खुला करा

महोदय,

अहिल्यानगरात अमेरिकन मराठी मिशन या ख्रिस्ती संस्थेचे काम १८३१ साली सुरू झाले. त्यातून उभ्या राहिलेल्या चर्चच्या मंडळ्यांतली तरुण मुले आता नोकरीसाठी पुण्या-मुंबईला असतात आणि रविवारच्या उपासनेला मागचे बाक रिकामे राहतात. अशा वेळी पाळकांनी रंगरंगोटीची वर्गणी काढण्याआधी शेजारच्या गल्लीत जावे. कुठे म्हातारे माणूस एकटे आहे, कोणत्या मुलांना अभ्यासाला जागा नाही, याची विचारपूस करावी. आठवडाभर कुलूपबंद असलेला हॉल संध्याकाळी या मुलांना द्यावा, तोही धर्म न विचारता. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १९१७ मध्ये 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा समुदाय स्थापला, तो बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही खुला होता! मंडळीच्या पंचांनी नाताळाआधी निदान हॉलची किल्ली तरी द्यावी, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, अहिल्यानगर