चेहरा आला, पण किती वेळ?

महोदय,

बालचित्रपटांवरील आपल्या पुरवणीतील लेख वाचला. अ‍ॅनिमेशनपटांत आता सगळ्या वर्णांचे नायक-नायिका दिसू लागले, असा त्याचा समाधानाचा सूर आहे. समाधान खोटे नाही, पण ही मोजदाद पोस्टर पाहून केल्यासारखी वाटते. तो चेहरा पडद्यावर टिकतो किती, हेही बघायला हवे.

डिस्नेची पहिली कृष्णवर्णीय राजकन्या टियाना २००९ मध्ये ‘द प्रिन्सेस अँड द फ्रॉग’मधून आली. स्वतःचे उपाहारगृह काढायचे म्हणून राबणारी, जिद्दी मुलगी. पण अर्ध्याहून अधिक चित्रपटभर ती बेडकी असते! डिस्नेच्याच मालकीच्या पिक्सार या अ‍ॅनिमेशन कंपनीला कृष्णवर्णीय नायक सुचायला २०२० साल उजाडले. ‘सोल’मधल्या त्या संगीतशिक्षकाचा आत्मा आधी शरीराबाहेर भटकतो, मग मांजराच्या देहात शिरतो, आणि त्याच्या स्वतःच्या देहात वावरतो भलताच आत्मा, ज्याला आवाज दिला आहे टीना फे या गोऱ्या अभिनेत्रीने. एकदा घडले तर कथेची गरज म्हणू. दुसऱ्यांदा घडले की शंका येते.

रूपांतराला माझा विरोध नाही, परीकथा त्यावरच उभ्या आहेत. ‘टर्निंग रेड’मध्ये (२०२२) चिनी वंशाच्या मुलीचा लाल पांडा होतोच की. पण तो पांडा म्हणजे वयात येताना उसळणारा तिचाच संताप आणि तिचीच लाज. कितीही वेळा पांडा झाली तरी गोष्ट तिचीच राहते. एकट्या स्त्रीने दिग्दर्शित केलेला पिक्सारचा हा पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट. दिग्दर्शिका डोमी शी स्वतः चीनमध्ये जन्मून कॅनडात वाढलेली, हा मला योगायोग वाटत नाही. त्याआधी ‘ब्रेव्ह’ (२०१२) हा मुलगी केंद्रस्थानी असलेला पिक्सारचा पहिला चित्रपट, आणि तोही कंपनीचा तेरावा! त्याची कल्पना ज्यांची, त्या ब्रेंडा चॅपमन यांना दिग्दर्शनावरून मध्येच दूर करण्यात आले होते.

म्हणजे खरा प्रश्न पडद्यामागचा आहे. ‘सोल’मधला केशकर्तनालयातला प्रसंग सगळ्यात जिवंत वाटतो, कारण तो सुचवणारे कृष्णवर्णीय सहदिग्दर्शक केम्प पॉवर्स त्या जगातून आलेले होते. मेक्सिकोतील मृतांच्या सणावर बेतलेल्या पिक्सारच्याच ‘कोको’ची कथा तर बोलकी आहे. २०१३ मध्ये डिस्नेने त्या सणाच्या नावावरच ट्रेडमार्क मागितला. केवढा हा आगाऊपणा! गदारोळ झाल्यावर अर्ज मागे घेतला आणि पुढे जोरदार टीका करणाऱ्या व्यंगचित्रकार लालो अल्काराझ यांनाच सल्लागार म्हणून बोलावले. २०१७ मध्ये आलेला चित्रपट मेक्सिकोतच डोक्यावर घेतला गेला.

‘मुलांना एवढे कुठे कळते?’ असे म्हणणाऱ्यांना एकच सांगणे. मोठी माणसे चित्रपट एकदा बघून विसरतात. मुले तोच चित्रपट पाठ होईपर्यंत बघतात. कोण हुशार, कोण विनोदी, कोणाच्या बोलण्याला हसायचे, हेही त्यातच पाठ होते.

आपल्या समीक्षकांना म्हणूनच एक विनंती. बालचित्रपटाला तारे देताना कथा कोणी लिहिली आणि आवाज कोणाचे आहेत, एवढ्या दोन ओळी तरी परीक्षणात द्याव्यात.

– एक वाचक