फिजीतले ‘जुने वैर’ कोणी पेरले?

महोदय,

रविवारच्या पुरवणीतला फिजीवरचा लेख वाचून मन इतके खवळले की आज हातातली कामे ठेवून लिहायला बसलो. ‘भारतीय आणि मूळ फिजीयन यांचे जुने वैर’ हे शब्द लेखात तीनदा आले आहेत. १८७४ ते १९७० अशी ९६ वर्षे तिथे इंग्रजांचे राज्य होते, त्याला मात्र एक ओळ.

१९२९ साल लेखकाने कसे वगळले? त्या वर्षी भारतीयांना पहिल्यांदा विधिमंडळासाठी मत मिळाले, तेही वेगळ्या मतदार यादीत. मूठभर गोऱ्यांना निवडणुकीच्या सहा जागा, साठ हजारांहून जास्त भारतीयांना तीन. मूळ फिजीयनांना मतच नाही. ते मिळायला १९६३ उजाडले. विष्णू देव, परमानंद सिंग आणि रामचंदर राव निवडून आले आणि त्यांनी नोव्हेंबरातच मागणी केली, सगळ्यांची मतदार यादी एक करा. ठराव फेटाळला गेला, तिघे सभागृह सोडून गेले. वेगळ्या याद्या पुढे १९७० च्या घटनेतही राहिल्या. हे वैर त्या याद्यांनी पोसले, असे माझे ठाम मत आहे.

‘नशीब काढायला गेलेले मजूर’ हे वाचून तर फार वाईट वाटले. बँकेच्या नोकरीत मी तीन वर्षे फिजीतल्या लौटोकाला होतो. आमचा एक खातेदार, उसाचा म्हातारा शेतकरी, एकदा घरी आला आणि प्लास्टिकच्या पिशवीतून आजोबांचा गिरमिटाचा, म्हणजे मजुरीच्या कराराचा, पास काढून दाखवला. बापाचे नाव, जात, जिल्हा बस्ती (उत्तर प्रदेशातला), पोलीस ठाणे, गाव, उंची, आणि अंगावरची खूण: डाव्या गुडघ्यावर व्रण. आजोबांचा एकही फोटो घरात नव्हता. व्रणाच्या ओळीवर बोट ठेवून म्हणाला, “ई हमार आजा है.” पाच वर्षांचा करार, कामावर गेले नाही तर तुरुंग. ही पद्धत बंद करा म्हणून आपल्या गोखल्यांनी १९१२ साली कायदेमंडळात ठराव मांडला होता आणि सरकारने तो पाडला. पुण्यातल्या वर्तमानपत्राने तेवढे तरी लिहायला हवे होते.

आणखी एक. फोटोखाली ‘राजधानी नाडी’ छापले आहे. राजधानी सुवा आहे, आणि त्या दुसऱ्या गावाला तिथले लोक नांदी म्हणतात. मार्चमध्ये मी पाठवलेली एक दुरुस्ती तुम्ही छापली नाही. ही कृपया छापा.

एक निवृत्त बँक कर्मचारी, पुणे