सगळे खापर भुंगेऱ्यावर नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कॅनडातील वणव्यांवरील आपल्या लेखात ‘किडीने आधीच पोखरलेली जंगले’ असा ओझरता उल्लेख आहे. या पोखरण्यात माणसाचा वाटा किती, ते मात्र त्यात आले नाही, म्हणून हा पत्रप्रपंच.

मुलीकडे कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात असताना प्रिन्स जॉर्ज शहराजवळच्या रानात लॉजपोल पाइन या सूचिपर्णी जातीच्या एका वाळक्या झाडाची साल मी हातानेच सोलली होती. माउंटन पाइन बीटल हा भुंगेरा जेमतेम तांदळाच्या दाण्याएवढा. पण सालीखाली मादीने कोरलेली उभी खाच आणि तिच्या दोन्ही बाजूंना अळ्यांनी खात नेलेल्या आडव्या वाटा लाकडावर स्पष्ट उमटल्या होत्या. लाकूड निळसर पडले होते. भुंगेऱ्यासोबत आलेली बुरशी खोडातून वर चढणारे पाणी अडवते, तिचा हा रंग. एकट्यादुकट्या भुंगेऱ्याला झाड राळ सोडून बाहेर ढकलते, परंतु मादीने सोडलेल्या गंधामागे शेकडो भुंगेरे एकदम तुटून पडले की राळ पुरी पडत नाही आणि पुढच्या उन्हाळ्यात झाड तांबडे दिसू लागते.

हा भुंगेरा तिथला मूळचाच आहे, बाहेरून आलेला नाही. तरीही १९९०च्या दशकाच्या अखेरीस सुरू झालेल्या प्रादुर्भावाची झळ त्या प्रांतात सुमारे १.८ कोटी हेक्टरांना, म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या निम्म्याहून अधिक क्षेत्राएवढ्या जंगलाला लागली. लॉजपोल पाइनची बरीचशी फळे राळेने बंद असतात. ती आगीच्या धगीने उघडतात आणि जळलेल्या जागी नवे रान उगवते. विसाव्या शतकात जवळजवळ प्रत्येक आग विझवण्याचे धोरण राहिले, त्यामुळे भुंगेऱ्याला आवडणारी जाड, वयस्क झाडे मैलोन्‌मैल साठत गेली. एरवी उणे ४० अंशांच्या आसपासची थंडी काही दिवस टिकली तर सालीखालच्या बहुतेक अळ्या मरतात. हिवाळेच सौम्य होत गेल्यावर हा पहाराही उठला. पुढे भुंगेऱ्याने रॉकी पर्वत ओलांडून अल्बर्टा गाठला आणि तेथे त्याला जॅक पाइन हे नवे खाद्य मिळाले. हे झाड पूर्वेला थेट अटलांटिकच्या बाजूपर्यंत पसरलेले आहे, त्यामुळे तिथल्या वनशास्त्रज्ञांची काळजी अनाठायी म्हणता येत नाही.

मेलेली झाडे कुजण्याआधी विकावीत म्हणून तोडीचे प्रमाण बरेच वाढवण्यात आले. निळ्या फळ्यांना ‘डेनिम पाइन’ असे गोंडस नाव देऊन बाजारात आणणाऱ्यांच्या कल्पकतेचे कौतुकच करायला हवे! ती आवक ओसरल्यावर मात्र लाकूड पुरेना आणि त्या भागातल्या कित्येक गिरण्या बंद पडल्या. वणव्यांवर पुन्हा लिहाल तेव्हा आगी विझवण्याचे ते जुने धोरण आणि या गिरण्यांवर पोट असलेली गावे, या दोन्हींची दखल घ्यावी, ही विनंती.

आपली विश्वासू,
एक वाचक, नाशिक